गोड बोलणारा पट्टा

“गळ्यातल्या पट्ट्याला गोड बोलायला लावू नका हं,” असं थेरपिस्ट लोखंडेबाईंनी बजावलं होतं. केतकीने ते हसण्यावारी नेलं.

बोलता न येणाऱ्या तिच्या लेकीच्या, शाल्मलीच्या मनातलं तो पट्टा बोलून दाखवी. हळदीकुंकवाला तो सगळ्यांदेखत म्हणाला, “काकू, पापी नको, तुमच्या तोंडाला वास येतो!” त्याच संध्याकाळी केतकीने पट्ट्याचं बटण ‘गोड’वर ठेवलं.

आज विसरलेला डबा द्यायला ती वर्गाच्या दारात आली. शाल्मलीचं बोट बाकाच्या झाकणात चेंगरलं होतं, गाल भिजले होते.

“शाल्मली, बरं चाललंय ना गं?” सरांनी फळ्यावर लिहिता लिहिता विचारलं.

“हो सर, मजा येतेय!” पट्टा खळखळून हसला.

केतकीच्या हातून डबाच पडला. घरी रोज तिलाही हेच उत्तर मिळत होतं.

तुमच्या ओळखीत असं सदा मजेत असणारं मूल आहे का? आजच जा, पट्टा काढून त्याच्या चेहऱ्याकडे बघा.