गुरुवारचा मॅटिनी शो

"कसा होता?" गिरिजाबाईंनी दार उघडत विचारलं.

"बरा होता. लांबला मात्र फार." कमळाकरांनी चपला काढल्या आणि ते खुर्चीत डोळे मिटून बसले. "मध्ये डुलकी लागली मला."

गिरगाव सोडून नवघरला आल्यावर वर्षभरात ते निवृत्त झाले. आणि आयुष्यात कधी सिनेमाचं नाव न काढलेल्या माणसाला एकदम मॅटिनीचा नाद लागला. दर गुरुवारी सकाळी निघायचे, शहरातल्या कुठल्यातरी थिएटरात बसायचे आणि उन्हं उतरताना परत यायचे.

"करू दे ना मजा," रसिका आईला म्हणायची. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. "जन्मभर ऑफिस एके ऑफिस केलं बाबांनी."

गिरिजाबाई सिनेमाचं नाव विचारत नसत. नवऱ्याची दोन वाक्यं त्यांना पुरायची. खिडकीतून मिठागरं दिसायची. मिठाचे पांढरे ढीग उन्हात तरंगल्यासारखे वाटायचे. ढिगांकडे बघत त्या उरलेला सिनेमा मनातच रचायच्या. त्यात कमळाकर तरुण असायचे, आणि कुणालाच कुठे जायची घाई नसायची.

"आजचा भडक होता. तोंडाची चवच गेली. जेवण नको," एका गुरुवारी कमळाकर म्हणाले.

"हिरॉईन प्रेमळ आहे. सारखी आत-बाहेर करते, एवढंच," पुढच्या गुरुवारी.

"पहिला अर्धा तास सोसत नाही. मग होते सवय."

एका गुरुवारी ते चपला न काढताच खुर्चीत बसले. मग म्हणाले, "शेजारी राई गावचा एक माणूस बसायचा. महिपत. होडी आहे त्याची. दर वेळी म्हणायचा, 'शेवट गोडच हाय, बघा तुमी.' आज आला नाही."

"दुसऱ्या खेळाला गेला असेल."

"हं. असेल."

गिरिजाबाई स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला.

शेजारची सुलू एकदा म्हणाली, "काकू, गुरुवारी दोनदा बेल वाजवली. तुम्ही पण नव्हता."

"देवाला गेले होते गं."

"आणि काका? कुठला पिक्चर बघितला? मलाही सांगा ना."

"त्यांची आवड वेगळी आहे," गिरिजाबाई म्हणाल्या. "तू नको बघूस."

वैशाखात लग्न झालं. कमळाकर मांडवभर हसत फिरले. फेटा जरा सैल होत होता, तो गिरिजाबाईंनी दोनदा नीट केला. रसिका पुण्याला गेली आणि घर शांत झालं.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी कमळाकर खिडकीशी उभे होते. मिठागरांवर गुलाबी उजेड पसरला होता.

"उद्याचा जरा मोठा आहे," ते गिरिजाबाईंकडे न बघता म्हणाले. "यायला दोन-चार दिवस लागतील. मित्राकडे राहीन तिथेच."

गिरिजाबाईंनी पिशवी काढली. त्यांचे दोन सदरे ठेवले, टॉवेल ठेवला. मग त्यावर स्वतःचं एक पातळ घडी करून ठेवलं.

"तू कुठे निघालीस?"

"तुमच्याबरोबर."

"तुला नाही आवडायचा गं."

"माहीत आहे." त्यांनी पिशवीची चेन लावली. "सहा महिने दर गुरुवारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसतेय मी, तुमच्या आधी घरी पोचते, एवढंच. उद्या ऑपरेशनच्या कागदावर सही मीच करणार आहे."