मोकळा कोपरा

रग्बी शिकवणारे नाथाजी सर साताऱ्याहून मोटारसायकलवर आले, तेव्हा हंबीरराव सोप्यात बसून पोराचा पाय चोळत होते. गुडघ्याला हात लावायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. म्हणून गुडघा सोडून वरची मांडी आणि खालची पोटरी चाललेली. सारी उमर तालमीत गेलेल्या माणसाला तेलाच्या वाटीशिवाय दुसरं औषध ठाऊक नसतं.

जयराज कॉटवर पडून होता. नऊ वर्षं तो रग्बी खेळला. आधी जिल्ह्याकडून, मग पुण्याच्या एका क्लबकडून, दोनदा महाराष्ट्राकडून. खेळायचा विंगर म्हणून, मैदानाच्या अगदी कडेला. चेंडू हातोहात सरकत त्याच्यापर्यंत आला, की काखेत मारून सुटायचं, कोणाच्या हाती लागायचं नाही आणि पल्याडच्या रेषेमागे नेऊन टेकवायचा. एवढंच त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं.

हंबीररावांना मात्र हे कधी पटलं नाही. तालमीच्या गावात पळण्याला मान नसतो. पैलवानाचं पोरगं पळपुटं निघालं, असं कोणी पारावर बोललं की ते खाली मान घालून उठत. नऊ वर्षांत ते सामना बघायला एकदाच गेले, वीस दिवसांपूर्वी, साताऱ्याला. त्याच सामन्यात जयराजचा गुडघा गेला. सांगलीला ऑपरेशन झालं. चालेल-फिरेल, डॉक्टर म्हणाले, खेळायचं आता मनातून काढा.

आणि गंमत अशी, की तेव्हापासून हंबीररावांची मान ताठ झाली होती. भेटायला येईल त्याला ते सांगत, पोरगं शेवटी आपल्या वळणावर गेलं, समोरच्याला पाठ दाखवली नाही, मर्दासारखं भिडलं. जयराज ऐकून घ्यायचा. पाय गेला तो गेला, निदान बापाचा आनंद तरी राहू दे, असं त्यानं ठरवलं होतं. रात्री उशीत तोंड खुपसून रडायचा, ते कोणाला कळत नव्हतं.

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग सरांनी विचारलंच.

"जया, मी तो व्हिडिओ वीस वेळा बघितला. कोपरा मोकळा होता. तू आत का वळलास?"

घसरलो, जयराज म्हणाला. सर म्हणाले, घसरला नाहीस, चांगला थांबून वळलास.

हंबीरराव हसले. "वळला न्हाई सर, भिडला त्यो. पैलवानाचं रगात हाय."

सरांनी समजुतीनं सांगितलं, की आबा, भिडणं हे विंगरचं काम नाही. पुढं माणूसच नव्हता, तर भिडायचं कोणाशी? दहा पावलं सरळ पळाला असता तर सामना आपला होता, आणि हा आज स्वतःच्या पायावर उभा असता. हंबीररावांना हे खरं वाटेना. सरांनी खिशातून फोन काढला.

"राहू द्या सर," जयराज कोपरावर उठत म्हणाला. "आता बघून काय करायचं हाय?"

त्यानं हात पुढं केला. पण फोन आधीच बापाच्या तेलकट हातात गेला होता.

व्हिडिओत चेंडू कडेला आला. जयराजनं तो काखेत घेतला आणि सुटला. पुढं कोपऱ्यापर्यंत नुसतं गवत होतं. अंगावर येणारा गडी आतल्या बाजूला, चांगला चार पावलं मागं. तेवढ्यात फोनच्या अगदी जवळून कोणीतरी ओरडलं, "जया, पळतुस कुटं? भिड की त्येला!" जयराजची मान आवाजाच्या दिशेनं वळली. तो थांबला, आत वळला, आणि तिघं जण त्याच्यावर कोसळले.

आवाज कोणाचा, हे सरांना आजवर माहीत नव्हतं. असेल कोणी प्रेक्षक, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आता ते हंबीररावांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मान खाली घातली. आपण इथं का आलो, असं त्यांना झालं.

"परत लावा," हंबीरराव म्हणाले.

सरांनी लावला. या खेपेला म्हाताऱ्यानं फोनकडे बघितलं नाही. डोळे मिटून नुसतं ऐकलं.

"आबा, मला काय ऐकूच आलं न्हाई तवा," जयराज म्हणाला. "लोक लय वरडत हुते."

कोणी ओरडत नव्हतं. सगळी गर्दी पलीकडच्या मांडवात होती. या बाजूला फोन धरलेलं पोरगं आणि हंबीरराव, दोघंच उभे होते. हंबीररावांनी फोन सरांना दिला आणि पोराच्या पायावर हात ठेवला. चोळायला मात्र तो हात हलेना.

दारात धोंडुबाई आली. शेजारची म्हातारी, सगळ्या आळीची काकू, लेकीकडून आजच परतलेली. पदराखाली झाकून चार गावरान अंडी आणली होती. पट्टा बांधलेला पाय बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अंडी उंबऱ्यापाशी ठेवत ती म्हणाली, "आरं हंबीरा, एवढं धडधाकट पोरगं, कसं पडलं रं?"

जयराज घाईनं काही बोलणार होता. हंबीररावांनी त्याला हातानं थांबवलं.

"पडलं न्हाई, काकू," ते म्हणाले. "मी पाडलं."