मागच्या दाराने या

आकाशातला सूर्य पाळण्यात होता, तेव्हापासूनची ती चार हातांची जमात. तिच्या निजलेल्या पूर्वजांचं दार एक रक्षकदल राखत असे, आणि परवलीचा शब्द न सांगता जो उंबरठा ओलांडेल त्याला जागीच मारायचं, एवढाच त्या दलाचा कायदा. आज धोबिणीच्या लेकीची तिथली शेवटची परीक्षा होती, आणि दलाकडून धोबिणीला निरोप आला होता : 'मागच्या दाराने या. लेक तिथेच भेटेल.'

"मज्जा आहे बाई तुमची," जाऊ म्हणाली, "आता वीसही बोटं तुपात!"

"तूप राहू दे गं. पोर पास होऊ दे, म्हणजे झालं. आठ वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही मी." धोबिणीने दोन हातांनी वेणी घातली, दोन हातांनी डोळे पुसले आणि निघाली.

मागच्या दारात लेकच उभी होती, हातात बंदूक.

"थांबा. परवलीचा शब्द सांगा."

धोबिणीला वाटलं, पोर थट्टा करतेय. "अगं शहाणे, आईला शब्द विचारतेस? किती वाळलीस गं माझी बाय!" म्हणत ती चारही हात पसरून उंबरठा ओलांडून आली. लेकीने ओठांवर आलेलं 'आई' गिळलं आणि चाप ओढला.



काचेमागच्या परीक्षकाने घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'गोळी झाडायला तीन सेकंद उशीर. नापास.'