कमी समजणारी आजी

पायलनं माठाकडं बोट केलं अन् चांगुणाबाई सवयीनं उठली. अर्धी उठली अन् पुन्हा खाली बसली.

"काय पाह्यजे गं?" तिनं नातीला विचारलं. विचारताना तिचं तिलाच कसंतरी झालं. मे महिन्याचं ऊन, लेकरू तहानलंय हे कुणालाही दिसलं असतं!

सात वर्षांत हा प्रश्न तिनं कधी विचारलाच नव्हता. पायलचे आईबाप सकाळीच मोटारसायकलवर जालन्याला एमआयडीसीत कामाला जायचे. दिवसभर पोरगी आजीची. पोरीला सगळंच उशिरा उमजायचं. कान शाबूत, गळा शाबूत, पण तोंडातून शब्द म्हणून फुटला नव्हता. फुटावा कशाला? बोट वर व्हायच्या आत आजीच्या हातात वस्तू तयार. "माझ्या पोरीची पापणी हलली की मला कळतं," असं चांगुणाबाई साऱ्या गल्लीत मिरवायची.

ज्योत्स्नाबाईंनी ह्या मिरवण्याचीच हवा काढली. दिव्यांग लेकरांना घरी येऊन शिकवणाऱ्या त्या बाई. परवा म्हणाल्या, "आजी, जूनमध्ये तिला शाळेत बसवायचंय ना? वर्गात तिची पापणी कोण वाचणार? तिला मागता आलं पाहिजे. तुम्ही जरा कमी समजून घ्या."

कमी समजून घ्या! चांगुणाबाईला असा राग आल्ता म्हणता! पण आपण काही लेकराला जन्मभर पुरणार न्हाई, हेही तिला कळत होतं.

पायलनं पुन्हा बोट केलं. मग पाय आपटले. मग भोकाड पसरलं. ते ऐकून शेजारची मीना धावत आली.

"आजी, अवो येड लागलं का तुमाला? पानी द्या की लेकराला!" म्हणत तिनं ग्लास उचललाच.

"मीने, माठाला बिलकुल हात लावू नको!" चांगुणाबाई ओरडली. छातीवर दगड ठेवून ती पायलला म्हणाली, "तू काय म्हनून राह्यली, मला काहीच समजून न्हाई राह्यलं."

पायल रडायची थांबली. आजीकडं टकामका बघत राहिली. सगळं समजणाऱ्या आजीला आज झालं तरी काय! तिला आजीची काळजी वाटली असावी. ती जवळ आली. दोन्ही हातांनी आजीची हनुवटी धरून तिनं तिचं तोंड आपल्याकडं वळवलं. अन् काही केल्या न समजणाऱ्या माणसाला समजवावं तसं, हळूहळू, मोठ्ठं तोंड उघडून म्हणाली,

"पा... नी."

मीनाच्या हातातला ग्लास चांगुणाबाईनं हिसकावलाच. काठोकाठ भरून पायलच्या हातात दिला. पोरगी घटाघटा प्याली. चांगुणाबाईचे डोळे गळत होते, पुसायचंही भान नव्हतं. ती नातीपुढं मांडी घालून बसली.

"अजून न्हाई समजलं, माय," ती म्हणाली. "मला पुन्यांदा शिकव."