उद्घाटकाची ओळ

"एवढी एकच ओळ काढायची," शिळेवर काठीचं टोक ठेवत सरपंच आबासाहेब म्हणाले. "बाकीची नावं तशीच राहू दे. दुपारी सभापती येत्यात. त्यांच्याच हातानं उद्घाटन उरकून घेऊ."

पुंजाराम पाथरवट उकिडवा बसला होता. नव्या तालमीच्या दारात शिळा आडवी पडली होती. भिंतीत बसवायची तेवढी राहिली होती. रंगनाथ मास्तरांनी खडूनं नावं रेखून दिली होती आणि पुंजारामनं ती महिन्यापूर्वी कोरली होती. त्याला वाचता येत नव्हतं. तरी कुठली ओळ, हे त्यानं विचारलं नाही. वरून दुसरी. उद्घाटक, सिनेनट कानिफनाथ. त्याचा मुलगा.

आठ दिवसांपूर्वी मुंबईत सिनेमावाल्यांचा बक्षीस समारंभ झाला. टेलिव्हिजनवर तो दाखवत होते. भर मंचावर कानिफनाथनं एका म्हाताऱ्या, नावाजलेल्या विनोदी नटाच्या तोंडात मारली. गावात टेलिव्हिजन कुणी पाहिलेलाही नव्हता. पण काष्टीच्या बाजारात ती थप्पड ज्याला त्याला ठाऊक होती. कुणी एक म्हणे, कुणी तीन. नगरच्या टॉकीजवाल्यानं कानिफनाथच्या पाट्या उतरवल्याचं एसटीचा कंडक्टर सांगून गेला होता.

"सिमिट भरलं तर?" सरपंचांनी विचारलं.

"पावसात निघंल. पुन्ना दिसंल."

"मंग घासून काढ."

"घासून न्हाई निघायचं. अक्षराच्या बुडापतुर दगूड उतरवावा लागंल. आन ही ओळ खोल हाय."

"बाकीच्यापरीस?"

"व्हय."

का, ते सरपंचांनी विचारलं नाही.

ओट्यावर बसलेला आसाराम हसला. "आबासाहेब, तालीमच बांधलीया न्हवं? मंग मारनाऱ्याचं नाव चालंना व्हय?"

"गप रं. कुस्ती निराळी. बापाच्या वयाच्या मानसावर हात टाकला त्यानं." मग सरपंचांनी पुंजारामकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "पुंजा, तुला नको वाटत आसंल तर सांग. श्रीगोंद्यावरनं दुसरा आनतो."

"नको. दुसरा कडा फोडील."

पुंजारामनं छिन्नी लावली. हातोडा एका लयीत पडू लागला. काळ्या दगडाची पांढरी भुकटी त्याच्या गुडघ्यांवर बसत गेली. तो ती फुंकरीनं उडवायचा आणि पुढं सरकायचा. जात्याला टाकी लावताना बसायचा तसाच बसला होता, तोंडावरही नेहमीचाच भाव.

रंगनाथ मास्तर आले, तेव्हा अर्धी ओळ गेली होती आणि सरपंच कार्यक्रमाच्या मंडपाकडं गेले होते. त्यांच्या बगलेत वर्तमानपत्र होतं. पुंजारामकडं बघून त्यांनी ते पाठीमागं धरलं.

"मास्तर, पेपरात आलंय म्हनं."

"आलंय."

"कशापायी मारलं, लिवलंय का?"

मास्तर खाली बसले.

"त्या नटानं माइकवरून थट्टा केली, पुंजाबाबा. म्हणाला, ह्याच्या बापानं जन्मभर दगड फोडले, त्यातलाच एक उचलून आम्ही पडद्यावर उभा केलाय. लोक हसले."

"मंग?"

"मग कानिफनाथ उठून गेला आणि त्यानं मारली."

हातोडा थांबला.

"माज्यावरनं?"

"तुमच्यावरून."

पुंजारामनं छिन्नीचं टोक अंगठ्यावर घासून पाहिलं.

"दगूडच फोडतो की म्या," तो म्हणाला. "खोटं काय बोलला त्यो?"

ओट्यावर आसारामनं विडी पेटवली होती, ती त्याच्या बोटांत तशीच जळत होती.

"जोरात मारली का?"

"तेवढं लिहिलेलं नाही."

"का थांबला?" मंडपाकडून सरपंचांनी हाक दिली. "जीप यायची येळ झाली, पुंजा!"

"पुंजाबाबा," मास्तर हळूच म्हणाले, "राहू द्या हवं तर. मी बोलतो आबासाहेबांशी."

पुंजारामनं ओळीकडं पाहिलं. डाव्या बाजूला मोकळा दगड होता, उजवीकडं चार अक्षरं.

"अर्धं नाव कुनाचं म्हनून ठिवायचं, मास्तर?"

त्यानं पुन्हा छिन्नी लावली. मास्तर तिथंच बसून राहिले. एकेक अक्षर गेलं. शेवटच्या अक्षराचं बूड उरलं होतं, तेही गेलं. सरपंच येऊन उभे राहिले तरी हातोडा पडतच होता.

"गेलं, पुंजा. पुरे आता."

अजून दोन घाव पडले. मग पुंजारामनं हत्यारं बाजूला ठेवली.

सरपंचांनी त्या जागेवर तळहात फिरवला. "खड्डा लागतोय."

"लागंल."

पुंजारामनं बादलीतून तांब्या बुडवला आणि शिळेवर ओतला. पांढरी भुकटी वाहून गेली. पाणी कडांवरून उतरून मातीत जिरलं. दुसऱ्या ओळीच्या जागी मात्र ते राहिलं, हातभर लांब, चार बोटं रुंद. पुंजाराम मुंडाशाचं टोक सोडून ते टिपू लागला.

"ऱ्हाऊ दे, वाळंल," सरपंच म्हणाले. "उचला रं!"

चौघांनी शिळा उचलून भिंतीशी उभी केली. साचलेलं पाणी हललं आणि खाली आलं, आमदारांच्या नावावरून, सरपंचांच्या नावावरून, पंचांच्या नावांवरून. अगदी तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, शिळा घडवणाऱ्याच्या नावाची. मास्तरांनी ती आपल्या मनानंच रेखून दिली होती, आणि ती कुणाची, हे पुंजारामला कधी सांगितलं नव्हतं.

पाणी तिथवर गेलं आणि त्या अक्षरांत थांबलं.