चिरांतलं शिसं

“खडा उडाला म्हणायचं. समजलं का?” गाडी चालवता चालवता अभिमन्यूनं पुन्हा बजावलं.

मागच्या सीटवर त्याची बायको वैजयंती डाव्या डोळ्यावर पदर दाबून बसली होती. शेजारी तिची सासू, गोजरबाई. गाडी मोहोळ गावाहून सोलापूरला निघाली होती.

रिव्हॉल्वर म्हणजे अभिमन्यूचा जीव की प्राण. नळीच्या तोंडाशी वरच्या अंगाला बारीक चिरा होत्या. त्यातून जाळ वर निघून जातो आणि हाताला झटका कमी बसतो, हे तो येईल त्याला ऐकवायचा. आज मळ्यात त्याला त्या जाळाचा व्हिडिओ हवा होता. वैजयंतीच्या हातात मोबाईल देऊन त्यानं तिला नळीच्या अगदी बाजूला उभं केलं. ती नको म्हणाली. तिच्या नको म्हणण्याला त्या घरात कधी किंमत नव्हती. पहिल्याच गोळीला डोळ्यात निखारा शिरला.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर सना यांनी डोळ्यातला कण काढून वाटीत टाकला. “हा खडा नाही, शिसं आहे. नजर राहील की नाही, आत्ताच सांगता येत नाही. कशानं लागलं?”

“दगडच असणार की,” अभिमन्यू हसला.

“मी यांना विचारलं.”

वैजयंतीच्या ओठांवर खरं आलं. पण आई-बाप राहिले नव्हते. भावाचं घर अभिमन्यूनं दिलेल्या नोकरीवर चालत होतं. दाराशी नवरा, उशाशी सासू. जायचं कुठं?

“खडाच उडाला,” ती म्हणाली.

“न्हाय,” गोजरबाई म्हणाल्या.

“आई, तू गप बस.”

“लई वर्सं बसले.” त्या डॉक्टरांकडे वळल्या. “बंदुका दुरुस्त करणाऱ्या एजाजनं ह्याला माज्यासमोर सांगितलं हुतं. तांब्याचं कवच असलेलीच गोळी वापरा. नुसती शिशाची घातली तर चिरांतनं शिसं उडतंय, बाजूला माणूस उभं करू नका. आज मळ्यात मी बी हुते. ह्यानं शिशाचीच गोळी घातली. आन् त्याआधी सोताच्या डोळ्यावर जाड चष्मा चढवला.”

अभिमन्यूचं हसू विरलं.

“लिवून घ्या, बाई. लेकाचं नाव मी सांगते.”