वारस नोंद

मंडळीचे नवे पाळक निवृत्ती यांचं बोट वहीच्या तिसऱ्या पानावर अडकलं ते निघेनाच.

"आबासाहेब, शेऱ्यात हे 'वारस' काय लिहिलंय?"

आबासाहेबांना प्रश्नाचंच नवल वाटलं. गावच्या सेवा सोसायटीत त्यांनी बत्तीस वर्षं सचिव म्हणून काढली होती. सभासद वारला की त्याच्या जागी लेकाचं नाव लावायचं, हे काम त्यांना डोळे मिटून करता आलं असतं. धारूरच्या घाटाखालची त्यांची बाप्टिस्ट ख्रिस्ती मंडळी म्हणजे सारी अकरा घरं. वीस वर्षं तिला पाळक, म्हणजे धर्मगुरू नव्हता, म्हणून मंडळीच्या सभासदांची वहीही त्यांच्याकडेच होती. तिथंही त्यांनी तेच केलं होतं. बाप गेला, लेक आला. सबंध वहीत एक खाडाखोड नाही.

"आन् या लोकांचा बाप्तिस्मा?"

"बाप्तिस्मा बाहेरून येनाऱ्याला, पाळकसाहेब. हे तर घरचेच हायेत."

निवृत्ती हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच. यादीत पहिलं नाव होतं माणिकरावांचं, आबासाहेबांच्या वडिलांचं. त्याखाली आबासाहेब. शेरा : वारस.

वही उघडली होती पारूबाईचं नाव चढवण्यासाठी. दुष्काळानं सारा गाव जनावरांसकट दूध संस्थेच्या चारा छावणीत येऊन पडला होता. रविवारची उपासनाही तिथंच, चाऱ्याच्या ढिगाआड भरायची. मेंढरं गमावलेली पारूबाई दोन गाई घेऊन छावणीत आली होती. ढिगापलीकडून ऐकता ऐकता ती एके दिवशी अलीकडे येऊन बसली. उद्या तिचा बाप्तिस्मा होता. आता डोक्यावर चार थेंब शिंपडून बाप्टिस्टांचं भागत नाही, माणूस पुरता बुडावा लागतो. आणि तालुक्यात तांब्या बुडेल एवढं पाणी नव्हतं. संस्थेचे चेअरमन भगवानराव वेगळ्या धर्माचे, पण त्यांनीच मार्ग काढला होता. "सकाळी टँकर जनावरांचा हौद भरतो. आदी तुमी बुडा, मंग जनावरं पितील. पानी काय झिजतंय का?" मंडळी हे उपकार अजून विसरलेली नाही.

निवृत्तींनी वही मांडीवर ठेवली. "अब्राहामाशी देवानं करार केला, त्यात त्याचा वंश बी धरला. पोरगं त्या घरात जन्मलं की करारात आलं, आठव्या दिवशी त्याच्या अंगावर सुंतेची खूण झाली. नवा करार वंशाचा न्हाई, विश्वासाचा हाय. यात बापाच्या जागी लेकाचं नाव लागत न्हाई. लेकाला स्वतःच्या पायानं यावं लागतं."

आबासाहेबांचा पारा चढला. "मंग माज्या बापानं कशापायी सोसलं? त्याला विहिरीवर चढू देत नव्हते लोक."

"त्यांनी तुमाला दारापर्यंत आनून सोडलं. ते काय थोडं हाय? पन आत जायला पाय तुमचेच लागतेत."

आबासाहेबांनी वही उचलली आणि ते चालू लागले. दुपारभर ते लिंबाखाली बसून राहिले. वीस वर्षं उपासनेत पुढं उभं राहणारा माणूस मुळात आतच नसेल, तर लोकांना तोंड कसं दाखवायचं? सचिवाच्या सवयीनं ते मनातल्या मनात पुरावा शोधू लागले. गीतं पाठ होती, प्रार्थना पाठ होत्या. पण 'प्रभू, मला घे' असं आपण कधी म्हटलं, तो दिवस काही सापडेना.

रविवारी टँकर हौद भरून गेला. दावणीच्या गाई पाण्याच्या वासानं हंबरत होत्या. निवृत्ती हौदात कमरेभर पाण्यात उभे राहिले. पारूबाई पदर खोचून उतरली.

"पारूबाई, कुनाच्या भरवशावर आलात?"

"माज्यामागं कोन हाय, साहेब? ना म्हायेर, ना सासर. येशूला म्हनलं, मला घे. त्यानं घेतलं."

ती बुडाली आणि वर आली. काठावर आबासाहेब वही घेऊन उभे होते. एवढंच? ना दाखला, ना ठराव? त्रेसष्ट वर्षं आपण घरचेच म्हणून मिरवलो आणि मागायचं तेवढं राहून गेलं. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यांनी वही भगवानरावांच्या हाती दिली, चपला काढल्या आणि धोतर खोचलं.

"पाळकसाहेब, त्या वहीतलं माजं नाव खोडा. मला बी पान्यात घ्या."

मंडळीत चुळबुळ झाली. कुणीतरी "अहो आबासाहेब" म्हणालं, पण ते पायरी उतरलेसुद्धा.

निवृत्तींनी त्यांनाही तेच विचारलं. "कुनाच्या भरवशावर आलात?"

माणिकरावांचं नाव सवयीनं ओठांपर्यंत आलं. आबासाहेबांनी ते गिळलं.

"येशूच्या. माज्याजवळ दुसरं कायबी न्हाई."

डोक्यावरून पाणी गेलं. वर आले तेव्हा ते लहान लेकरासारखे रडत होते. त्यांना वडील आठवले. रोज पहाटे आपलं बोट धरून प्रार्थनेला नेणारा तो माणूस आज त्यांना कधी नव्हे इतका जवळचा वाटला. त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, आणि ज्यानं आत घेतलं त्याचे तर नाहीतच.

गाई सोडल्या. त्या हौदाला तोंड लावून पिऊ लागल्या. दोघं ओल्या अंगानं उन्हात बसली होती. पारूबाईनं जरा संकोचून, अदबीनं विचारलं, "आबासाहेब, तुमी जुने जानते. आता म्होरं काय करायचं असतंय?"

आबासाहेबांनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि ते हसले.

"काय की, पारूबाई. मी बी आत्ताच आलोय."